वृद्धांची नखे आणि आपली दर्शनपरीक्षा

नाडीपरीक्षेसाठी रुग्णाने पुढे केलेला हात आपण हाती घेतो, डोळे अर्धवट मिटतो आणि अंगुष्ठमूलाशी तीन बोटे ठेवून एकाग्र होतो. त्याच क्षणी त्या हाताची पाच नखे वीतभर अंतरावर, उजेडात, आपल्यासमोर असतात. ती आपण किती वेळा पाहतो, हा प्रश्न प्रत्येक वैद्याने स्वतःस विचारून पाहावा. योगरत्नाकरोक्त अष्टविध परीक्षेत नखांस स्वतंत्र स्थान नाही हे खरे. परंतु दर्शन, स्पर्शन व प्रश्न या त्रिविध परीक्षेतून नखे वगळावीत असे कोणत्याही आचार्यांनी म्हटलेले नाही. साठी ओलांडलेल्या रुग्णाच्या बाबतीत ही उपेक्षा फार महाग पडते. ती कशी पडते हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलो आहोत. त्या चुकीकडे पुढे येऊच.

नखांविषयी आपल्या संहितांनी थोडक्यात पण नेमके सांगितले आहे. चरकाचार्य नखांची गणना पितृज भावांत व पार्थिव द्रव्यांत करतात. सुश्रुताचार्य नख व रोम यांस अस्थिधातूचा मल मानतात आणि अस्थिक्षयाच्या लक्षणांत दात व नखे यांचे भंगणे व रूक्षता यांचा उल्लेख करतात. पांडू व कामला यांच्या वर्णनात त्वचा, नेत्र व मुख यांच्याबरोबर नखांचा वर्ण येतो. म्हणजे नख हे केवळ शोभेचे अंग नसून धातुपोषणाची साक्ष देणारे अंग आहे, हा विचार आपल्याला नवा नाही. मात्र साक्ष ऐकताना साक्षीदार कोणत्या वयाचा आहे हेही पाहावे लागते, आणि येथेच आपल्या व्यवसायात दोन टोकांच्या चुका होतात. एक वर्ग नखांतील प्रत्येक बदलास ‘वयोमानानुसार’ म्हणून सोडून देतो. दुसरा वर्ग नखावरील एका पांढऱ्या ठिपक्यावरून ‘कॅल्शियम कमी आहे’ असे निदान करून मोकळा होतो. आमच्या मते दोन्ही वर्ग नखाकडे पाहतच नाहीत.

प्रथम जरावस्थेचे स्वाभाविक काय ते ठरवले पाहिजे. वार्धक्यात वात प्रबळ होतो, तेव्हा नखे रूक्ष, खर, फिकी व मंद गतीने वाढणारी होतात. त्यांवर मुळापासून टोकापर्यंत उभ्या रेषा उमटतात, बोटांवरून हात फिरवला तर त्या जाणवतात. मुळाशी असणारी पांढरी चंद्रकोर लहान होते किंवा दिसेनाशी होते. पायांची नखे जाड व पिवळसर होतात. सर्व बोटांवर साधारण सारख्या प्रमाणात व वर्षानुवर्षे हळूहळू झालेला असा बदल चिंतेचा नव्हे आणि त्यासाठी औषधही नको. रात्री तिळतेल चोळावे, भांडी घासणे व धुणे यांत हात फार काळ भिजू देऊ नयेत, एवढे पुरे.

वाढीच्या मंद गतीविषयी एक मनोरंजक नोंद आहे. विल्यम बीन या अमेरिकन वैद्यकतज्ज्ञाने स्वतःच्या अंगठ्याच्या नखाची वाढ तब्बल ३५ वर्षे नियमाने मोजली आणि १९८० साली प्रसिद्ध केली. वयाच्या ३२ व्या वर्षी नख दिवसाला ०.१२३ मिलिमीटर वाढत होते, ६७ व्या वर्षी ते ०.०९५ मिलिमीटरवर आले. कोणतेही यंत्र नाही, खर्च नाही; केवळ चिकाटी. इतके दूरही जाण्याचे कारण नाही. २०२४ च्या मे महिन्यात लोकसभेसाठी मतदान केलेल्या एकाच घरातील नातू व आजोबा गणपतीच्या सुमारास आमच्याकडे आले होते. नातवाच्या तर्जनीवरील शाई नखाच्या टोकाशी पोहोचून कापली जाण्याच्या बेतात होती, आजोबांची अजून बरीच मागे होती. त्या दिवसापासून नखाची वाढ समजावून सांगण्यासाठी आम्ही मतदानाच्या शाईचेच उदाहरण देतो. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर पुढे सरकते आणि मुळापासून टोकापर्यंत नवे होण्यास सुमारे सहा महिने लागतात. पायाच्या अंगठ्यास वर्ष ते दीड वर्ष. वृद्धांत याहून अधिक. हे गणित ज्याने ध्यानात ठेवले त्यास नख म्हणजे मागील सहा महिन्यांची रोजनिशीच होय.

तिचा उपयोग पाहा. ज्वर, शस्त्रकर्म किंवा मोठा व्याधी होऊन गेला की नखाची वाढ काही दिवस थांबते आणि सर्व नखांवर एक आडवी खाच उमटते. फ्रेंच वैद्य बो यांनी १८४६ मध्ये तिचे वर्णन केले, त्यांच्याच नावाने ती ओळखली जाते. २०२१ च्या कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर अशा खाचा घेऊन आलेले कितीतरी रुग्ण आपण सर्वांनी पाहिले असतील. खाच मुळापासून किती अंतरावर आहे ते मोजावे व तितके महिने मागे जाऊन रुग्णास विचारावे. ‘मला काहीच झाले नव्हते’ म्हणणाऱ्या आजींना मग आठवते की, श्रावणात आठ दिवस तापाने अंथरुणात होते. वृद्धांच्या पूर्ववृत्तात जे निसटते ते येथे सापडते. खाच एकाच बोटावर असेल तर मात्र ती त्या बोटाच्या इजेची समजावी, शरीराची नव्हे.

वर्णपरीक्षेत आपल्या प्रदेशातील व्यवसाय व सवयी विसरून चालणार नाही. हळद कुटणाऱ्या, दळणाऱ्या किंवा रोज स्वयंपाक करणाऱ्या स्त्रीचे पिवळे नख म्हणजे कामला नव्हे. नेत्र व मूत्र पाहिल्याशिवाय हारिद्र वर्णाचा उच्चार करू नये. मिश्री लावणाऱ्या बायकांची तर्जनी तपकिरी असते, विडी ओढणाऱ्याची तर्जनी व मध्यमा. कोकणात काजू सोलणाऱ्या हातांवर बियांच्या टरफलातील तेलाचे काळे डाग असतात. मेंदी व नखरंग यांनी तर खालचा वर्णच झाकला जातो, तेव्हा वृद्ध स्त्रियांना तपासणीस येताना निदान दोन बोटांचा नखरंग काढून येण्यास सांगावे. बाहेरून लागलेला डाग नखाबरोबर पुढे सरकतो आणि मुळाशी स्वच्छ नख येते. आतून आलेला वर्ण मुळाशी कायम राहतो. हा साधा भेद आम्ही एकदा केला नाही.

काही वर्षांपूर्वी साठीच्या घरातील एक शेतकरी गृहस्थ उजव्या अंगठ्याच्या नखावरील काळी उभी रेघ दाखवण्यासाठी आमच्याकडे आले. वेदना नव्हत्या. ‘विळ्याचा की खुरप्याचा मार लागला असेल,’ असे ते म्हणाले आणि आम्हांस ते पटले, कारण आमच्या मनात सुश्रुतोक्त क्षुद्ररोगांतील कुनख तयारच होता. अभिघाताने नख रूक्ष, काळे व खरखरीत होते, हे वर्णन पाठ होते. आम्ही केसपेपरवर ‘कुनख’ एवढाच शब्द लिहिला. रेघेची रुंदी लिहिली नाही, नखमुळापासूनचे अंतर लिहिले नाही. लेप दिला, गंधक रसायन दिले आणि जवळजवळ पाच महिने दिले. या काळात माराने साकळलेले रक्त असते तर ते नखाबरोबर निम्म्याहून अधिक पुढे सरकले असते. ते सरकले नाही, उलट रेघ रुंदावली आणि नखामागील त्वचेवरही काळसर छटा आली. अखेर त्यांच्या मुलीने त्यांना त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. तो मेलानोमा नावाचा कर्करोग निघाला. अंगठ्याचे टोक काढावे लागले, पुढे काखेतील ग्रंथीत तो पसरल्याचे आढळले आणि दोन वर्षांत ते गृहस्थ गेले. पहिल्या भेटीतच पाठवले असते तर काय झाले असते हे सांगता येत नाही. पण पाच महिने आमच्याकडे गेले, हे सांगता येते.

दोष सुश्रुताचार्यांचा नव्हता. त्यांनी कुनखाचा हेतू अभिघात सांगितला आहे. अभिघात खरोखर झाला होता की नाही हे विचारणे व पडताळणे आमचे काम होते. आम्ही लक्षणावरून नाव दिले आणि नाव मिळताच पाहणे थांबवले. नखामागील त्वचेवर पसरणाऱ्या काळेपणाचे महत्त्व जोनाथन हचिन्सन या इंग्रज शल्यचिकित्सकाने १८८६ मध्येच सांगून ठेवले होते. सावळ्या वर्णाच्या माणसांत अनेक बोटांवर बारीक उभ्या तपकिरी रेघा असणे हे स्वाभाविकच आढळते, त्यामुळे प्रत्येक रेघेने घाबरवू नये. परंतु उतारवयात नव्याने आलेली, एकाच नखावरची, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावरची, रुंदावणारी किंवा कडा अस्पष्ट असणारी रेघ दिसली तर त्याच दिवशी तज्ज्ञांकडे चिठ्ठी द्यावी. मार लागल्याचे निश्चित असेल तर काळ्या डागाच्या मागच्या कडेचे नखमुळापासूनचे अंतर मोजून लिहावे व तीन-चार आठवड्यांनी रुग्णास बोलवावे. डाग पुढे व मागे स्वच्छ नख, तर प्रश्न मिटला. तसे नसेल तर एकही लेप देऊ नये.

दुसरा विषय पांडूचा. नख मध्यभागी खोलगट होऊन चमच्यासारखे होते, त्यावर पाण्याचा थेंब ठेवला तर तो ठरतो. हे लोहक्षयाचे लक्षण आपण सर्व जाणतो आणि मंडूर, पुनर्नवामंडूर, नवायस लोह यांपैकी काही ना काही देतो. तरुण स्त्रीत ते बहुधा योग्यच ठरते. परंतु सत्तर वर्षांच्या पुरुषात लोह जाते कोठे? त्याला मासिक स्राव नाही, आहार जेमतेम असला तरी तो गेली कित्येक वर्षे तसाच आहे. अशा वेळी आमाशय किंवा पक्वाशयातून रक्त झिरपत असण्याची शंका प्रथम घ्यावी, मग ते अर्शातून असो, व्रणातून असो वा अर्बुदातून. लोहकल्पाने रक्त वाढते, चेहऱ्यावर तेज येते, नख सपाट होऊ लागते, रुग्ण आपला जयजयकार करतो आणि आतील अर्बुद निवांत वाढत राहते. त्यातच लोहकल्पाने मळ काळा होतो. म्हणजे काळ्या मळाचा प्रश्न औषध सुरू करण्यापूर्वी विचारला नाही तर नंतर विचारून उपयोग नाही. उत्तर ‘हो’ असेच येणार. वजन घटले का, मळाची सवय बदलली का, मळ काळा-चिकट होतो का, हे तीन प्रश्न आणि मळातील गुप्त रक्ताची तपासणी, यांशिवाय वृद्ध पांडुरुग्णास लोह देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. या मताशी असहमत असणाऱ्या वैद्यबंधूंनी आपला अनुभव याच पृष्ठांवर अवश्य मांडावा.

नीलवर्णाविषयी तर चरकाचार्यांनी इंद्रियस्थानात जे लिहिले आहे ते वाचून आजही थक्क व्हावे. ज्याची नखे रक्तमांसहीन व पिकलेल्या जांभळाच्या रंगाची झाली तो रुग्ण गतप्राय समजावा, असा त्याचा आशय आहे. त्या काळी हे अरिष्ट होते. आज प्राणवायू व अतिदक्षता विभाग उपलब्ध असताना हे अरिष्ट म्हणजे धावपळीची सूचना होय. वैद्याने ग्रंथ मिटून रुग्णवाहिका बोलवावी. २०२० व २०२१ मध्ये घरोघरी बोटास लावलेली यंत्रे जे सांगत होती तेच जांभळी नखे सांगत असतात, फक्त बरेच उशिरा.

नखाग्र फुगून बोट पडघमाच्या काठीसारखे होणे, ज्यास क्लबिंग म्हणतात, ते उतारवयातील धूम्रपान करणाऱ्यात नव्याने दिसले तर फुप्फुसाची तपासणी केल्याशिवाय कासश्वासाचे कल्प चालू ठेवू नयेत. परीक्षा सोपी आहे. दोन्ही हातांची तीच बोटे नखास नख लावून पाठीस पाठ टेकवावीत. निरोगी माणसात नखमुळांशी चौकटच्या आकाराची लहान फट दिसते, क्लबिंगमध्ये ती बुजते. शामरॉथ या दक्षिण आफ्रिकेतील हृदयरोगतज्ज्ञाने स्वतःस हृदयाच्या अंतःस्तराचा जंतुसंसर्ग झाला असता आपल्याच बोटांवर हे पाहिले आणि १९७६ मध्ये लिहून ठेवले. आजारी वैद्याने स्वतःची नखे पाहावीत आणि आपण रुग्णाचीही पाहू नयेत, हे काही बरे दिसत नाही.

पांढऱ्या नखांविषयी एवढेच की, टोकाशी गुलाबी पट्टी व बाकी नख पांढरे, हे चित्र टेरी यांनी १९५४ मध्ये यकृताच्या काठिण्याच्या रुग्णांत वर्णिले. पुढे ते हृदयदौर्बल्यात, मधुमेहात आणि निव्वळ वार्धक्यातही आढळू लागले. म्हणून त्यावरून यकृतविकार ठरवू नये. उदर, पादशोथ व क्षुधा मात्र पाहून घ्यावी.

आता औषधालय चालवणाऱ्या आमच्या बांधवांशी थोडे बोलावयाचे आहे. आयुर्वेदीय औषधांच्या विक्रीस स्वतंत्र परवाना लागत नाही, या सवलतीबरोबर जबाबदारीही आली आहे. गिऱ्हाईक नखे पुढे करून ‘यावर काही द्या’ म्हणते आणि आपण प्रवाळ, शंख किंवा कॅल्शियमची डबी पुढे करतो. नखांत कॅल्शियम अत्यल्प असते. त्यांचा कठीणपणा केरॅटिन या प्रथिनामुळे येतो. पांढरे ठिपके बहुधा नखमुळास लागलेल्या किरकोळ धक्क्यांचे असतात व नखाबरोबर पुढे निघून जातात. अलीकडे केस व नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या मोठ्या प्रमाणात खपतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये सावध केले आहे की, मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे काही प्रयोगशालेय तपासण्या चुकतात. हृदयविकाराच्या झटक्यात पाहिले जाणारे ट्रोपोनिन प्रत्यक्षाहून कमी दिसू शकते आणि अवटु ग्रंथीच्या तपासण्याही फसवतात. छातीत दुखणाऱ्या सत्तर वर्षांच्या माणसाचा अहवाल आपण विकलेल्या सौंदर्यगोळीने निर्धोक दिसावा, ही कल्पना भयंकर आहे. ती गोळी विकताना ‘रक्ततपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगा’ हे एक वाक्य तरी आपण बोललेच पाहिजे.

आणि एक अप्रिय गोष्ट. सोमल म्हणजे आर्सेनिक शरीरात अधिक गेल्यास काही आठवड्यांनी नखांवर आडव्या पांढऱ्या रेषा येतात. डच वैद्य मीस यांनी १९१९ मध्ये त्यांचे वर्णन केले. समीरपन्नग रस, मल्लसिंदूर हे आपल्याच पेटीतील कल्प. शोधन-मारणाच्या शास्त्रावर आमची श्रद्धा आहे. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक पुडीवर मात्र नाही. असे कल्प कायद्याने अनुसूची ई-१ मध्ये येतात आणि वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाचे असतात. प्रत्यक्षात संधिवाताचे वृद्ध रुग्ण जुनी चिठ्ठी दाखवून महिनोन्‌महिने तेच नेतात, आणि दुकानदार ओळखीचा म्हणून देतो. अशा रुग्णाच्या सर्व नखांवर समांतर पांढऱ्या रेषा दिसल्या, हातापायांस मुंग्या येत असल्या, तर औषध तत्काळ थांबवून तपासणीस पाठवावे. आयुर्वेदाची बदनामी होईल म्हणून गप्प बसणाऱ्याने बदनामीचीच तयारी केली, असे आम्ही समजतो.

आमच्या चिकित्सालयात त्या शेतकरी गृहस्थांनंतर केसपेपरवर जिव्हा या रकान्याखाली ‘नखे’ असा रकाना छापून घेतला आहे. त्यात वर्ण, आकार, एक की सर्व, आणि मिलिमीटरमध्ये अंतर, एवढेच लिहावयाचे असते. नवे वैद्य सुरुवातीस तेथे ‘प्राकृत’ असा शिक्का मारल्याप्रमाणे लिहितात, तेव्हा आम्ही त्यांना मोजपट्टी देतो. काळी रेघ असेल तर भ्रमणध्वनीने छायाचित्र घेऊन तारखेसह ठेवतो.

पायांचे काय? वृद्ध रुग्णाचे मोजे काढावयास सांगणे कित्येकांस संकोचाचे वाटते. पण खरी हकीकत तेथेच असते. जाड, वाकलेली, शेजारच्या बोटात रुतलेली नखे पाहिली की निदान अर्धे झालेले असते: कंबर वाकत नाही, नजर कमी झाली आहे, हात थरथरतो, आणि घरात दुसरे कोणी नाही. चरकाचार्यांनी पंधरवड्यातून तीन वेळा नखे कापावीत असे स्वस्थवृत्तात सांगितले. ज्यास स्वतःच्या पायापर्यंत पोहोचता येत नाही त्याची कोणी कापावीत? पूर्वी गावचा नाभिक नराणी घेऊन घरी येत असे आणि ओसरीवर बसून आजोबांची नखे काढून देत असे. ती पद्धत गेली. एक वृद्ध बाई, मुले परदेशी, आमच्याकडे गुडघेदुखीसाठी वर्षभर येत होत्या. एकदा मोजे काढायला लावले तेव्हा कळले की त्या नखांमुळेच तिरके चालत होत्या.

तेव्हापासून दर गुरुवारी सकाळी आमच्याकडे कोमट पाण्याच्या दोन बादल्या भरलेल्या असतात. साठीवरील रुग्णांनी पंधरा मिनिटे पाय बुडवून बसावे, मग परिचारिका सरळ रेषेत नखे कापते व बोटांमधील जागा कोरडी पुसते. मधुमेह असून पायांची संवेदना कमी झालेल्यांच्या पाण्यात ती आधी स्वतःचे कोपर घालून पाहते, आणि त्यांच्या रुतलेल्या नखांस आम्ही हात लावत नाही, त्यांना शल्यचिकित्सकांकडे पाठवतो. याचे शुल्क घेत नाही. त्या बाई अजून येतात, बहुधा सर्वांत आधी, आणि पाय बादलीत असेपर्यंत नातवाचे फोटो दाखवतात.